दलदलीतला बर्च

ॲन आर्बर शहराबाहेरच्या दलदलीपाशी फिरायला गेले की एक काका दिसायचे. कमरेएवढ्या एका झुडपाची गोल, दातेरी पानं कुरवाळत उभे असायचे. एकदा मी विचारलंच.

"हा बर्च आहे, भूर्जवृक्षाच्या जातीचा, पण झुडूपच राहतो," ते म्हणाले. "बायकोचा लाडका. तिचं चालणं बंद झालं, म्हणून नर्सरीतून एक आणून तिच्या खिडकीखाली लावला. रोज पाणी घालायचो. पण याला मुळाशी कायम ओल लागते आणि आमची जमीन रेताड. तिच्या डोळ्यांदेखत वाळला."

मग म्हणाले, "ती म्हणायची, व्हीलचेअरवरून मलाच दलदलीपाशी घेऊन चला ना. मी म्हणायचो, थंडी सरू दे. थंडी सरली, तेव्हा मी एकटाच आलो."