आपल्या माणसाला विचारायचं नाही

तिला सगळी वस्ती मोजणीबाई म्हणायची. खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही आणि तिनेही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. खांद्याला रक्तदाबाचं यंत्र, हातात वजनकाटा, काखेत प्रश्नांचा गठ्ठा आणि दार पुरतं उघडायच्या आतच सुरू झालेली बडबड, असा तिचा थाट. आधी ती शिवणकाम करायची. "पूर्वी माणसाची बाहेरून मापं घ्यायची, आता आतून घेते," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते तिने इतक्या दारांत वापरलं होतं की बरोबरच्या माणसांना पाठ झालं होतं, तरी ती दर वेळी नव्याने सुचल्यासारखं हसायची.

ज्या कामावर ती होती त्याचं नाव भलतंच लांबलचक होतं. ते चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई सोडल्या तर ते एका दमात कुणाला सांगता यायचं नाही. सगळे आपले 'पाहणी' म्हणायचे. एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत पाहणीचं ऑफिस होतं. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे कागद कायम मऊ पडलेले असत आणि खिडकी उघडायची की नाही यावरून रोज भांडण व्हायचं. शहर असं की एकाच जिन्यावर मजल्यागणिक भाषा बदलायची. या इतक्या तऱ्हांच्या माणसांची हृदयं कशाने बिघडतात, हे घरोघर बसून त्यांच्या त्यांच्या बोलीत विचारायचं, एवढंच ते काम. ऐकायला सोपं आहे. परक्याच्या घरात जाऊन त्याला रात्री झोप लागते का, हे विचारून बघा म्हणजे कळेल.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी माणसं गोळा केली ती पदव्या बघून नव्हे, जीभ बघून. त्यांतला मोजणीबाईचा जोडीदार म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर. त्याला अर्ध्या शहराच्या भाषा येत होत्या, पण प्रत्येक भाषेत तो आधी "पुढे सरका" शिकला होता आणि नंतर बाकीचं. सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. मोजणीबाईच्या माहेरची बोली त्या दोघांनाच यायची.

ती या कामात आली ती तिच्या ताईमुळे. दोन वर्षांपूर्वी मोजणीबाईचा नवरा दुकानाचं शटर ओढता ओढता खाली बसला तो उठलाच नाही. छातीत कळ आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर हिने अंथरूण धरलं. तिच्यावर आभाळच कोसळलं होतं, त्यात तिला दोष देणार तरी कोण? ताई रोज यायची. लहानपणी आई गेल्यावर जसं केलं होतं तसंच तिने पुन्हा या पन्नाशीच्या बहिणीला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, तिच्यासमोर बसून तिला चार घास खायला लावले. भेटायला कुणी आलं की ताई त्याला दारातच गाठायची आणि हळूच बजावायची, "हिच्यासमोर छातीचं, हृदयाचं काही बोलायचं नाही हं. थरथर कापायला लागते." आणि एक दिवस तिनेच पाहणीत माणसं हवी असल्याची बातमी आणली.

"दिवसभर भिंतींशी बोलतेस," ताई म्हणाली. "त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात करायच्या आत माणसांशी बोलायला लाग."

मोजणीबाई गेली आणि तिला ते काम लागू पडलं. हळूहळू 'छाती' हा शब्द तिला न कापता उच्चारता यायला लागला. रोज दहादा विचारायचा म्हटल्यावर काय करणार?

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक नियम सांगितला होता. आपल्या नात्यातल्या माणसाच्या घरी आपण जायचं नाही. ते घर दुसऱ्याने घ्यायचं. मोजणीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे आम्ही घरच्यांसाठी खोटंनाटं लिहू, असं वाटतं की काय यांना?" ती कंडक्टरच्या कानाशी कुजबुजली. कंडक्टर म्हणाला, "अहो, मॅडम कारण सांगतायत, ऐकू द्या की." पण तोवर ती रुसली होती. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं, ते तिच्या कानांवरून गेलं आणि आपल्यावर विश्वास नाही एवढंच तिने मनात धरून ठेवलं.

मग पाहणी ताईच्या गल्लीत पोचली. ते घर अर्थातच कंडक्टरच्या वाट्याला आलं. आणि मोजणीबाईचा जीव टांगणीला लागला, कारण अलीकडे ताई जिना चढताना मधल्या कठड्याला धरून थांबायची. विचारलं तर म्हणायची, "खालच्या मजल्यावरची काय शिजवते त्याचा वास घेतेय." दवाखान्याचं नाव काढलं की उडवून लावायची. ताईला दवाखान्यात नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखंच होतं. पण पाहणीत एक सोय होती. छातीच्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर आलं की त्याच आठवड्यात त्या माणसाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, गाडी, तपासणी, सगळं डॉक्टरीणबाई बघणार. ताईला तिथवर पोचवायची ही एकच वाट होती, आणि ती वाट एका प्रश्नातून जात होती.

एवढा मोलाचा प्रश्न कंडक्टरवर सोडायचा? तो घाईघाईत तिकीट फाडल्यासारखा विचारून मोकळा होईल, असं तिला वाटलं. तिने त्याला गाठलं.

"ताई चौथ्या मजल्यावर राहते. तुमचे गुडघे कुरकुरतात. तुमचं ते घर मला द्या, माझं तळमजल्याचं तुम्ही घ्या."

"बाई, नियम आहे ना."

"ताईने मला वाढवलंय. ती जगाशी खोटं बोलेल, माझ्याशी नाही बोलणार."

कंडक्टरने बराच वेळ मान खाजवली. मग घर दिलं.

ताईने त्या दिवशी खोली चकाचक आवरली होती. पलंगावर धुतलेली चादर, चहाबरोबर बिस्किटं, केस विंचरून ती खुर्चीत ताठ बसलेली. ताईचे यजमान, भावजी, पेपर घेऊन खिडकीशी होते. दारात बहिणीला बघून ताई क्षणभर गोंधळली. "तू? मला वाटलं, तो तुमचा कंडक्टर येणार." "का, मी चालत नाही?" असं म्हणत मोजणीबाई आत शिरली आणि यंत्र काढून बसली. आज ताई आपलं काम बघणार, याचाच तिला इतका आनंद झाला होता की दुसरं काही दिसत नव्हतं.

रक्तदाब थोडासाच वर होता, काळजी करण्याजोगा नव्हता. वजन झालं, झोप झाली, भूक झाली. मग तिने तो प्रश्न विचारला, नेमून दिलेल्या शब्दांत, सावकाश.

"चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं का, किंवा दाबल्यासारखं वाटतं का?"

ताईने तिच्याकडे बघितलं. हातातला कप खाली ठेवला.

"छे गं," ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय! नाही लिही."

खिडकीशी पेपर खाली झाला आणि पुन्हा वर गेला. मोजणीबाईने 'नाही' लिहिलं. तिचा जीव भांड्यात पडला. नियमाप्रमाणे पुढच्या प्रश्नाकडे जायला हवं होतं, पण ती उठली आणि ताईच्या गळ्यात पडली. "एवढं काय झालं गं?" ताई हसत म्हणाली, आणि तिची पाठ थोपटत राहिली.

हिवाळा सरता सरता ताई गेली. बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर पिशवी खाली ठेवून बसली, आणि शेजारणीने हाक मारेपर्यंत सगळं संपलं होतं.

या वेळी मोजणीबाईने अंथरूण धरलं नाही. धरून उपयोग काय? उठवायला कोण येणार होतं? ती रडायची आणि कामाला जायची, काम करायची आणि जिन्यात बसून रडायची. डॉक्टरीणबाईंना तिने घरांची अदलाबदल सांगून टाकली. त्या रागावल्या नाहीत, नुसता तिचा हात धरून बसल्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. एकाच गोष्टीला धरून ती उभी होती. ताईने 'नाही' म्हटलं होतं. म्हणजे ताईला दुखत नव्हतं. आधी काही कळलंच नसणार तर करणार काय, आणि निदान बिचारीला त्रास तरी झाला नाही. हे ती भेटेल त्याला सांगायची. भावजींनाही सांगायची. ते मान हलवायचे.

पाहणीतलं कुणी गेलं की काही आठवड्यांनी त्या घरी पुन्हा जायचं आणि शेवटच्या दिवसांबद्दल घरच्यांना विचारायचं, हाही कामाचाच भाग. ताईच्या घरी कंडक्टर आला. चौथ्या मजल्यापर्यंत गुडघे धरत आला, आणि मोजणीबाई तिथे भावजींचे कपडे घड्या घालत होती.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसलात तर..."

"मी घरचीच आहे ना? बसते की. विचारा तुम्ही."

कंडक्टरने विचारायला सुरुवात केली. तिला भीती वाटली होती तसा तो घाईत नव्हता. तो इतक्या हळुवारपणे विचारत होता की तिला आपण त्याच्याबद्दल जे मनात आणलं होतं त्याची लाज वाटली. ताप होता का? नाही. पाय सुजायचे का? थोडे. मग तो थांबला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "जाण्याआधीच्या महिन्यांत त्यांच्या छातीत दुखायचं का?"

भावजींनी उत्तर द्यायच्या आधी मोजणीबाईकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. ते बघणं तिने ओळखलं. तिला हवं ते उत्तर तिच्या तोंडाकडे बघून दिलं गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आणि तिने न ऐकलेलं कारण काय असेल, ते आता तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. वस्तीतल्या परक्या बायकांनी तिला काय काय सांगितलं होतं! नवऱ्याला न सांगितलेलं, लेकींपासून लपवलेलं. त्या सगळ्या तिला सांगायच्या, कारण ती त्यांची कुणी नव्हती.

ती ओरडली असती, भावजींना गदागदा हलवलं असतं, तरी ते 'नाही'च म्हणाले असते. ती समोर आहे तोवर ते दुसरं काही बोलणार नव्हते. तिने सदरा पलंगावर ठेवला.

"कंडक्टर," ती म्हणाली, "प्रश्न परत विचारा. मी नाहीये इथे."

ती बाहेर गेली. दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. पातळ दार होतं. आत कंडक्टरने प्रश्न पुन्हा विचारला, तेच शब्द, त्याच क्रमाने. मग भावजी हमसून हमसून रडायला लागले.

"हो," ते म्हणाले. "रोज दुखायचं. पाहणीचा माणूस येणार आहे, त्याला सगळं सांगते म्हणाली होती. दोन दिवस तुमची वाट बघत होती हो. आणि मग ही आली."