वेण्यांची रांग आणि मावशी

मुलांनो, यवतजवळच्या ज्या बालगृहात मी इंग्रजी शिकवायला जाते, तिथल्या मावशींबद्दल तुम्हाला लिहायचं राहूनच गेलं. रोज सकाळी त्या मुलींना व्हरांड्यात एकीमागे एक बसवतात. प्रत्येकीने पुढचीच्या वेण्या घालायच्या आणि सगळ्यात मागचीच्या स्वतः मावशी घालणार. तेलकट हातानेच त्यांची देखरेख चालते. "अगं, भांग हाय का पायवाट?"

परदेशातून कुणी मुलगी मदतीला आली की तिलाही आधी या रांगेत बसावं लागतं. यंदा डेन्मार्कची एक जण आली होती. महिन्याभरात ती भाकरीसुद्धा थापायला लागली. निघायच्या सकाळी डोळे पुसत ती मला इंग्रजीत म्हणाली, "मुलींना सांगा, मी लवकरच परत येईन."

मी तोंड उघडणार, तोच मावशींनी माझा दंड धरला.

"बाई, त्येवढं सांगू नका. 'कम बॅक' मला कळतंय, समद्याच बोलत्यात. मागल्या येळी ही धाकटी लई दिस फाटकाशी बसून राहिली."

"काय म्हनली ताई?" धाकटीने विचारलं.

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या.

"तुमची फार आठवण येईल म्हणाली," मी सांगितलं.

"आन् परत कवा येनार?"

आता मात्र मी मावशींकडे पाहिलं.

"ते तिला बी ठाऊक न्हाई," मावशी शांतपणे म्हणाल्या.

धाकटी "बरं" म्हणाली आणि दप्तर आणायला आत पळाली.