बिजागरीचा माणूस

गाडी समोर येऊन थांबली तरी तो बॉनेटकडे ढुंकूनही बघायचा नाही. दार उघडायचा, खालून तळहात लावून ते जरासं वर उचलायचा आणि विचारायचा, ‘काय म्हनतीय?’ हा प्रश्न गाडीला असायचा. शेजारी उभा असलेला ड्रायव्हर त्याच्या खिजगणतीतही नसायचा, आणि तो ड्रायव्हर मी होतो.

तुमच्याही पाहण्यात असा कुणी असेल, जो आपल्या घरी येतो आणि घडीभरात आपलीच माणसं त्याची होऊन जातात. माझ्या वाट्याला हा आला. केडगावात पुणे रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती आणि तो फक्त गाड्यांची दारं दुरुस्त करायचा.

मी तेव्हा नगरला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होतो. गाडी इंग्रजांच्या वेळची, विलायती, तिजोरीसारख्या जड दारांची. एकदा वळणावर बाईसाहेबांच्या बाजूचं मागचं दार आपोआप उघडलं. बाईसाहेब बचावल्या, पण घरी आल्यावर त्यांनी बजावलं, ही गाडी विका, नाहीतर मी टांग्यानं जाईन. डॉक्टर म्हणाले, विकली तर छोटी घेईन आणि स्वतःच चालवीन. म्हणजे गाडीबरोबर माझीही गच्छंती. मग कुणीतरी याचं नाव सुचवलं आणि मीच माझ्या हातानं गाडी त्याच्यापुढे नेऊन उभी केली.

त्यानं दाराखाली जॅक लावला, मध्ये गोणपाट घातलं. बिजागऱ्यांत घासलेट मुरू दिलं आणि मग हलक्या ठोक्यांनी जुन्या पिना बाहेर काढल्या. मधोमध झिजून त्यांना कंबर आली होती. लेथवर किंचित जाड नव्या पिना करून घेतल्या, भोकं त्या मापाला आणली, वंगण लावून बसवल्या. हे करताना तो तिच्याशी बोलत होता, ‘थांब बाई, जरा कळ काढ.’ मी इतकी वर्षं ती गाडी पुसली, पण तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. सवतीचं दुःख बायकांनाच कळतं म्हणतात. मला ते त्या शेडमध्ये उलट्या डब्यावर बसून कळलं.

डॉक्टर आणि बाईसाहेब गाडी न्यायला आले. डॉक्टरांनी दार लावून पाहिलं, पुन्हा उघडून लावलं आणि त्याचा तेलकट हात हातात घेतला. माझा हात त्यांनी कधी घेतला नव्हता. बाईसाहेब बसल्यावर मी त्यांचं दार लावायला गेलो. ते दार वर उचलून लावायची माझी वर्षानुवर्षांची सवय, कारण त्याशिवाय ते लागतच नसे. तसंच उचललं, तर ते कुलपाच्या वरच आपटलं आणि परत आलं. तो हसला नाही, हेच जास्त झोंबलं.

‘उचलू नगा,’ म्हणाला. ‘आता ती सोताच येती.’

माझा हात काही ऐकेना. पुढे कित्येक महिने मी दार उचलायचो, ते परत यायचं आणि आतून बाईसाहेब म्हणायच्या, उचलू नका म्हणाले ना ते. त्याची इतकी आठवण त्याच्या घरच्यांनीही काढली नसेल. डॉक्टर तर पुण्याकडे जाता-येता मुद्दाम शेडपाशी गाडी थांबवायला सांगायचे. ते गप्पा मारायचे आणि मी स्टिअरिंगवर जळत बसायचो.

एकदा डॉक्टरांनी हुकूम सोडला, याला एक फेरी मारून आण. तो माझ्याशेजारी बसला. रस्त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. माझ्या पायांकडे बघत होता. शेडपाशी परतल्यावर उतरेना.

‘तुमचं बरं हाय,’ शेवटी म्हणाला. ‘तुमी हलवली की हालती. माज्याकडं आली की नुस्ती हुबी ऱ्हाती. मला चालवाया येत न्हाई.’

खरं सांगतो, असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हा माझ्यावर जळत होता! त्या आनंदाच्या भरात मी म्हणालो, मी शिकवतो. आणि शिकवलं. डॉक्टरांच्या परवानगीनं, सुट्टीच्या दिवशी, केडगावच्या माळावर. क्लच सोडताना तो घामाघूम व्हायचा आणि मी मोठेपणानं सावकाश, सावकाश म्हणायचो. तेवढे दिवस मला त्याची माया वाटली, हेही सांगून टाकतो.

मग दुष्काळ पडला. पाथर्डीकडे रस्त्यांची, तळ्यांची कामं निघाली, कंत्राटदारांना जीपवर ड्रायव्हर हवे होते. हा मूळचा तिकडचाच. शेडला कुलूप लावून गेला. डॉक्टरांच्या बाजूचं दार तो दिवाळीनंतर करणार होता. ते त्याआधीच लोंबलं. दुसऱ्या एका मिस्त्रीनं पिना नुसत्याच ठोकून बसवल्या, त्या निसटल्या आणि भर रस्त्यात दार उघडलं. या खेपेला बाईसाहेबांनी काही ऐकून घेतलं नाही. गाडी विकली गेली. डॉक्टरांनी छोटी घेतली आणि स्वतः चालवू लागले. आयुष्यात एकदाच मन मोठं केलं, त्याची ही बिदागी.

पुढे काम शोधायला मीही एसटीनं पाथर्डीला निघालो. घाटात समोरून धूळ उडवत एक जीप आली. चालवणारा तो होता. जीपला दारंच नव्हती. सदरा वाऱ्यानं फुगला होता आणि तोंडानं काहीतरी गाणं चाललं होतं. मी खिडकीतून हात बाहेर काढून हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. वळणावर रस्त्यावरून नजर हलवायची नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.