खिडकीकडे जेरंड, दाराकडे नाम

बिराजदार सर काल गेले. शाळेच्या ग्रुपवर मेसेज वाचला आणि मी आधी पदर सावरून नीट बसले.

सत्तरीला टेकलेय मी. तरी सरांची भीती गेलेली नाही.

सर इंग्रजी शिकवायचे. सोलापुरात, सत्तरच्या दशकात.
हातात छडी कधी नसायची. छडी परवडली असती.

त्यांची पद्धतच वेगळी. फळ्यावर एक वाक्य लिहायचे, त्यातल्या 'इंग' लागलेल्या शब्दाखाली रेघ मारायचे आणि म्हणायचे, "उठा."

जेरंड वाटला तर खिडकीकडे जाऊन उभं राहायचं. नाम वाटलं तर दाराकडे.
मग ते एकेकाजवळ येऊन हळूच विचारायचे, "नक्की?"

एवढंच. पण त्या एका शब्दानं बरोबर असलेली मुलंसुद्धा पळत समोरच्या भिंतीला जायची.

समजावायचे मात्र झकास. "विहीर खणणं आणि विहिरीचं खोदकाम, फरक आहे की नाही? पहिल्यात माणूस अजून खणतोय. तो जेरंड. दुसऱ्यात नुसतं काम उरलं. ते नाम."
बाकावर बसून सगळं कळायचं. उभं राहिलं की सगळं विसरायचं.

माझं गाव वळसंग. शुक्रवार पेठेत मावशीकडे राहून शिकत होते. सहामाहीला इंग्रजीत गचकले आणि बातमी गावाला पोचली.

पुढच्याच आठवड्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, थेट वर्गाच्या दारात. सरांचा तास चालू.

"मास्तर, ही इंग्रजीत निघंल का न्हाय, तेवढं सांगा. निघत नसंल तर आजच घिऊन जातो. नातेपुत्याचं स्थळ आलंय, लई चांगलं हाय."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता.

सरांचा चेहरा लाल झाला. "मी कशाला सांगू? बसा हितं. तुमीच बघा."

अप्पा शेवटच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर घेऊन.
सरांनी फळ्यावर लिहिलं, 'द डिगिंग ऑफ द वेल टुक अ इयर.' 'डिगिंग'खाली रेघ.

"उठा."

वर्गातला पहिला नंबर तडक खिडकीकडे गेला. त्याच्यामागे सगळेच.
बाकांची खरखर थांबली तेव्हा दाराकडे मी एकटी होते.

आधी 'द', नंतर 'ऑफ', म्हणजे नाम. असं घोकून ठेवलं होतं. पण तिकडची गर्दी बघून तेही खरं वाटेना.

अप्पांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. एकटी पडलेली पोरगी मात्र दिसत होती.
"आगं, तिकडं जा की समद्यांसंगं," ते कळवळून म्हणाले.

सर माझ्याजवळ आले.
"नक्की?"

मला नातेपुतं दिसायला लागलं. कधी न पाहिलेलं गाव, कधी न पाहिलेला नवरा.
मी जागची हलले नाही.

सर फळ्यापाशी गेले, खडू खाली ठेवला.
"नाम. ही एकटी बरोबर आहे."
मग अप्पांकडे वळले. "न्हेऊ नका हिला."

अप्पांनी टोपी घातली. "मावशीला तरास दिऊ नको," एवढंच मला म्हणाले आणि संध्याकाळच्या एसटीनं एकटेच वळसंगला गेले.

मी मॅट्रिक झाले. पुढे बी.ए., बी.एड. केलं आणि रिटायर होईपर्यंत इंग्रजीच शिकवलं.

मागच्या दिवाळीत सरांना भेटायला गेले होते. खाटेवरच असायचे. आवाज खोल गेलेला.
तरी समोर बसताना पदर सावरलाच. धीर करून सांगून टाकलं, "सर, त्या दिवशी मला काहीच खात्री नव्हती. भीतीनं पायच उचलले नाहीत."

सरांनी मान माझ्याकडे वळवली.

"मीही घाबरलो होतो," ते म्हणाले. "रागाच्या भरात तुझ्या वडलांना बसवून घेतलं. मग वाक्य लिहिताना भान आलं. म्हटलं, चुकली तर माझ्यामुळे जाईल ही पोर."

"मग मला 'नक्की?' कशाला विचारलंत?"

"सवय. तोंडातून गेलं आणि जीभ चावली."

एक स्पेलिंग चुकलं तरी वही भिरकावणारे सर. मी भीत भीत विचारलं, "आणि मी खिडकीकडे गेले असते तर?"

सरांनी बाहेर कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"तर जेरंड बरोबर म्हणून सांगितलं असतं. आणि तुझे वडील गावाला पोचले की दुसऱ्या दिवशी वर्गाची माफी मागितली असती."

सर, वळसंगच्या पोरीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.