कुणाचा मामा वाटेवर आहे?

दर शनिवारी शाळेत गोष्ट सांगायची आणि मुलं ऐकत असल्याचा फोटो वर पाठवायचा, असा हुकूम आला तेव्हा मी खूश झाले. पोलादपूरच्या डोंगरातली माझी दोन खोल्यांची शाळा, तिथे गोष्टीला काय तोटा? मग कळलं, चांगली गोष्ट मिळणं चांगला नवरा मिळण्याइतकंच अवघड आहे. शहरातून आणलेल्या गुळगुळीत पुस्तकात एक अस्वल बर्फात मित्र शोधत हिंडत होतं. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला होता तो मासेवाल्याच्या पेटीत. बाकीच्या गोष्टी तात्पर्याच्या. त्यातलं मांजर अजून दुधापाशी पोचलेलंही नसायचं, तोवर मागून आवाज यायचा, "चोरी करू नये, बाई."

महाडला घरी वेगळीच तऱ्हा. माझी आठ वर्षांची लेक गोष्ट मधेच थांबवून विचारायची, हा भाग स्किप करता येतो का?

शेवटी वैतागून मीच एक गोष्ट रचली. खिचडीच्या वासाने एक म्हैस शाळेत नाव घालायला येते आणि हजेरीला हंबरते. गणपतीच्या आधीच्या शनिवारी मी ती सुरू केली. पोरं सरकत सरकत पुढे आली. पण पहिल्या रांगेतल्या दुसरीच्या एका मुलीने दोन्ही कानांत बोटं घातली होती.

"बाई, सांगू नका," ती म्हणाली. "दिवसाची गोष्ट सांगितली का मामा वाट चुकतो. माजा मामा वाटेवर हाय."

हा समज मीही लहानपणी ऐकला होता. मोठ्या माणसांना दिवसा कामं असतात, पोरांची कटकट टाळायला काढलेली ती युक्ती. मी हसले, तिचा मामा सुरतेत कामाला आहे, तिकडून गाड्या सरळ येतात, असं सांगितलं आणि म्हैस पुढे हाकली. ती मुलगी शेवटपर्यंत कानातली बोटं न काढता रडत राहिली. वर्षातून एकदाच येणारा मामा तो. मला वाईट वाटलं, पण फोटो काढायचा होता.

आणि मामा खरंच चुकला. खासगी बसमध्ये त्याला अशी गाढ झोप लागली की पोलादपूर गेलं, कशेडीचा बोगदा गेला आणि जाग आली ती थेट खेडला. फोनची बॅटरी संपलेली. इकडे घरच्यांचा जीव रात्रभर टांगणीला लागला. स्वारी दुसऱ्या दिवशी दुपारी उगवली. झोपला मामा आणि गावभर शिव्या खाल्ल्या मी. सोमवारी वर्गात शिरले, तर अख्ख्या वर्गाची बोटं कानांत. पाढेसुद्धा ऐकायला कुणी तयार नव्हतं.

विज्ञानाचं भाषण देऊन पाहिलं, पण कान बंद असताना विज्ञान कुठून शिरणार? तोडगा काढला तो त्या मुलीनेच. पुढच्या शनिवारी तिने उठून दार-खिडक्या लावल्या. खोलीत अंधार झाला.

"आता रात हाय," ती म्हणाली. "पण आधी विचारा, कुणाचा मामा वाटेवर हाय?"

मी विचारलं. कुणाचाच नव्हता. मग म्हैस पुन्हा शाळेत आली, आणि काळोखात एवढा 'हं, हं' मिळाला की मलाच पुढचं सुचत गेलं. फोटो मात्र काळाकुट्ट आला. मी तोच पाठवला. हे काय आहे, अशी विचारणा झाली. मी लिहिलं, रात्र.

रविवारी भर दुपारी लेकीने म्हशीची गोष्ट मागितली. मी तिला शाळेतली सगळी हकीकत सांगितली आणि खिडकी लावायला उठले.

"राहू दे गं उघडी," ती म्हणाली. "आपला मामा कुठे येतो?"

खरं होतं. माझा भाऊ नवी मुंबईत, सुरतेच्या मानाने अगदी उंबऱ्याशी. भांडण नाही, तंटा नाही. फोनवर दर सणाला 'बघू, जमवतो' म्हणतो आणि येत नाही. लेकीच्या आवाजात तक्रारही नव्हती, त्याचंच जास्त लागलं.

मी खिडकी लावून घेतली आणि मगच गोष्ट सुरू केली.