लेकीच्या कानातल्या नळ्या

माझी लेक पाच वर्षांची होईपर्यंत आम्ही तिला हट्टीच समजत होतो. मागून हाका मारून घसा बसला तरी वळायची नाही. मग कळलं, कानाच्या पडद्याच्या आत पाणी साचलंय, पोरीला धड ऐकूच येत नाही. दोन्ही पडद्यांत ज्वारीच्या दाण्याहून बारीक नळ्या बसवल्या. घरी येताना एसटीच्या हॉर्नला तिनं कान झाकले, तेव्हा सगळ्या गाडीला पेढे वाटावेत असं मला झालं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, विहिरीत पोहायचं नाही. आता आमच्या महाळुंगे पडवळला उन्हाळा लागला की पोरांच्या पाठीला रिकामा कॅन बांधून विहिरीत सोडतात. पोहता न येणारं पोर म्हणजे घराण्याला बट्टा, असं माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं ठाम मत. त्यांना शंभरदा सांगितलं. ते दर वेळी गोड हसून मान डोलवायचे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मे महिन्यात दोन्ही कान वाहायला लागले. हिरवट पू, त्याला घाण वास. जुन्नरला नेलं. बाईंनी कापसाच्या काडीवर पू घेऊन तपासणीला पाठवला. रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा आबाही हट्टानं सोबत आले.

"सर्दीबरोबर येणारे जंतू वेगळे," बाई म्हणाल्या, "हा पाण्यात, ओलाव्यात राहणारा आहे. पाण्यात उतरली होती का?"

"छे! मी आंघोळीलासुद्धा कान जपते," मी ठणकावून म्हणाले.

"ठीक आहे. थेंब देते. नळीतून औषध थेट आत जातं, त्यामुळे गुण येईल. पण ऐकू किती येतंय ते बघायला हवं."

त्यांनी लेकीला विचारलं, "बाळा, पोहायला गेली होतीस का?" ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. बाईंनी आवाज चढवून विचारलं. मग मागे जाऊन हळू विचारलं. पोरगी ढिम्म. एवढं करून पोरीचं ऐकणं परत गेलं, हेच डोक्यात घुमायला लागलं. डोळे भरून आले.

आबा खुर्चीत चुळबुळत होते. माझ्याकडे बघवेना त्यांना. मान खाली घालून पुटपुटले, "ऐकू येतंय तिला. मीच न्हेली व्हती हिरीवर. कानात तेलाचा बोळा घातला, वरनं माझं मुंडासं आवळून बांधलं. म्हनलं, आता कुठनं जातंय पानी!"

लेक गर्रकन वळली. "आबा! कुनाला सांगायचं न्हाई असं ठरलं व्हतं ना!"

मी तिला उचलून छातीशी धरलं. आबांना झापायचं तेव्हा राहिलं, ते आजतागायत राहूनच गेलंय.