कातडीची आठवण

डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवरची पट्टी सोलून काढली, मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला आणि म्हणाल्या, “तुम्हाला काजूची अ‍ॅलर्जी आहे.”

मला हसूच आलं. गोव्यातल्या पार्से गावात बत्तीस वर्षं नांदलेल्या, दारात काजूची टेकडी असलेल्या बाईला काजूची अ‍ॅलर्जी! पण फोटोत पाठीवरच्या बारा चौकोनांपैकी एकच चौकोन लालबुंद फुगला होता. त्यात काजूच्या टरफलाचं तेल अगदी सौम्य करून लावलं होतं.

हसू लगेच विरलंही. त्याच वर्षी मी हायस्कूलमधून स्वेच्छेने निवृत्त झाले होते. ह्यांची नोकरी तुयेच्या कारखान्यात, सासूबाईंचे गुडघे गेलेले. टेकडी आता मी सांभाळणार, असं मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नाहीतर ती दुसऱ्याला चालवायला द्यावी लागणार होती.

सुरुवात माझ्या टाचांनी झाली. मोसमाच्या तोंडाला टाचांना भेगा पडल्या. आमच्याकडे भेगांवर काजूच्या टरफलाचं काळं तेल लावतात. सासूबाईंनी मला ते पहिल्यांदाच कापसाच्या बोळ्याने लावलं, मला काहीही झालं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा लावलं. दोन दिवसांनी टाचा खाजू लागल्या, बारीक फोड आले. आम्ही काय केलं असेल? भेगा चिघळल्या असं समजून आणखी तेल लावलं! मीही मुकाट्याने पाय पुढे केले.

चौथ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजले. हात डोळ्यांना लागला असणार, पापण्याही मिटल्या. ताप चढला. जांघेत सुपारीएवढी गाठ आली, ती मी भीतीने घरात कुणाला सांगितलीच नाही. म्हापशाच्या इस्पितळात पाच दिवस काढले. फोडांत जंतू शिरले होते, म्हणून अँटिबायोटिक आणि सूज उतरायला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. पाय बरे होऊन गोळ्या थांबल्यावर काही आठवड्यांनी ती पाठीवरची पट्टी लावली. तिला पॅच टेस्ट म्हणतात. संशयित पदार्थ पाठीला चिकटवायचे आणि दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी बघायचं. तोवर पाठ भिजवायची नाही.

“दोन दिवस कशाला?” मी विचारलं. मास्तरणीची खोड जात नाही.

“कारण तुमच्या टी पेशींना जमायला तेवढा वेळ लागतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

सव्वीस वर्षं मी फळ्यावर ‘पांढऱ्या पेशी आपले रक्षण करतात’ असं लिहिलं आणि पोरांकडून पाठ करून घेतलं. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, हे त्या खोलीत कळलं.

आपल्या अंगात टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, असंख्य असतात आणि एकेकीला साधारण एकेकच आकार ओळखता येतो. काजूचं तेल ओळखणाऱ्या मूठभर पेशी माझ्या अंगात आधीपासूनच होत्या, काही काम नसलेल्या. त्या तेलाचा कण इतका बारीक, की एकटा असता तर त्यांना दिसलाही नसता. पण तो माझ्या कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो आणि मग माझंच प्रथिन परकं दिसू लागतं. अशा कणाला हॅप्टेन म्हणतात. कातडीतल्या दुसऱ्या पेशी तो ऐवज उचलून जवळच्या गाठीत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये नेतात.

मी जांघेतली ती गाठ सांगून टाकली. डॉक्टरबाई हसल्या. “तिथे वर्ग भरला होता, बाई. त्या मूठभर पेशी तिथे शिकल्या, हजारोंनी वाढल्या.”

पहिल्या वेळी शिकायला दहाबारा दिवस गेले, म्हणून काही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी आठवण तयार होती, त्या पेशी दोन दिवसांत टाचांपाशी जमल्या आणि माझ्याच कातडीवर तुटून पडल्या. “आता ही जायची नाही,” त्या म्हणाल्या. लहानपणी मला गोवर आला तो पुन्हा कधी आला नाही, तेही ह्याच आठवणीमुळे. मला तिचा राग धरता येईना.

तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर घरगुती लेप आधी थांबवा. आंब्याचा चीक, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, तेव्हा तिन्हींपासून जपा. भाजलेला गर मला चालतो, तुम्ही मात्र डॉक्टरांना विचारूनच खा.

घरी परतले तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघेनात. “मियांच लायलंय गो तेल, माज्याच हातान,” एवढंच पुटपुटल्या.

ह्या वर्षी मोसम आला. टेकडी आम्ही कुणाला दिली नाही. पडलेले काजू मी सासऱ्यांच्या, टोकाला खिळा ठोकलेल्या काठीने उचलते, हात लावत नाही. सासूबाई खाली पाटावर पाय पसरून बसतात आणि फळापासून बिया पिळून काढतात. त्यांचे हात साठ वर्षं त्या चिकात आहेत, त्यांना कधी काही झालं नाही. असं का, ते डॉक्टरबाईंनाही नीट सांगता आलं नाही.

परवा त्यांच्या टाचा मला दिसल्या. भेगांतून रक्त आलं होतं.

“आई, तुम्ही का नाही लावत तेल? तुम्हाला तर चालतं.”

“बाटली भायर उडयली मियां. गेल्याच वर्सा.” त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. “तुज्या कातडीक याद ऱ्हवली, मगे माका ऱ्हवची नाय?”

मला रडू आवरेना. मी आत जाऊन वाटीत खोबरेल कोमट केलं आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला.